गोदाची बहीण

यमुनाबाईला कुजबुजता येत नसे. बायका ज्या गोष्टी पदर तोंडापाशी नेऊन, दाराकडे बघत, अर्ध्या शब्दात सांगतात, त्या ती अंगणात उभी राहून, गाय सुटली म्हणून हाक मारावी तशा आवाजात सांगायची. छातीला ती छातीच म्हणायची. "तिकडलं", "वरचं", "अंगावरचं" असले शब्द समोरच्या बाईनं वापरले, की म्हणायची, "नाव नाही का त्याले? छाती म्हन. म्हनल्यानं गळून पडत नाही."

अकोल्याला जठारपेठेत तिच्या आणि आमच्या घराची भिंत एक होती आणि मागच्या अंगणांच्या मध्ये छातीइतकी उंच दगडी आड, म्हणजे ठेंगणी भिंत, होती. माझे यजमान टपालखात्यात. माझं माहेर अमरावतीचं, त्यामुळे बोलण्यातल्या रोखठोकपणाचं मला नवल नव्हतं. पण यमुनाबाईच्या बोलण्यात जे होतं, ते रोखठोकपणाच्या पलीकडचं होतं. ते समजायला मला काही वर्षं लागली.

अंगानं ती काटक. काळीसावळी, उंच, पावलं पुरुषासारखी लांब टाकणारी. वलगावच्या भाजीच्या मळ्यात लहानपणापासून पाणी धरल्यामुळे तळहात खरखरीत. मी तिला मोठ्यानं हसताना पाहिलं नाही. बाई दारात आली की बाकीच्या जणी विचारतात, जेवलीस का, पोरं बरी आहेत का. यमुनाबाई विचारायची, "दाखवलं का?" निम्म्या जठारपेठेला हा प्रश्न पाठ होता. काय दाखवायचं आणि कुणाला, हे वेगळं सांगावं लागत नसे.

तिच्याआधी त्या घरात तिची मोठी बहीण होती, गोदा.

मी लग्न होऊन आले तेव्हा गोदा होती. वऱ्हाड तेव्हा अजून नागपूरच्या राजधानीखाली होतं. गोदा मऊ स्वभावाची, हळू बोलणारी. आडीवरून मला लिंबाच्या लोणच्याची वाटी द्यायची आणि "सासूबाईंना नका सांगू" असं डोळ्यांनीच म्हणायची. तिची मुलगी शोभा तेव्हा अंगावर पीत होती. घर भाजी-फुलांचा धंदा करणारं. मोर्णा नदीच्या काठी त्यांचा मळा होता, बाजारात गाळा होता. आणि या सगळ्याचा कारभार गोदाच्या सासूकडे, पार्बताबाईकडे. पार्बताबाई तरुणपणी विधवा झालेली. एकटीनं मळा राखला, नामदेव आणि सुशीला ही दोन पोरं वाढवली. पुरुष तिच्यासमोर विडी विझवायचे. बाई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगते. वाईट असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

एका उन्हाळ्यात गोदानं डाव्या हातानं घागर उचलणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, मुरगळलाय. त्याच उन्हाळ्यात सुशीलाचं लग्न पातूरला ठरलं. चांगलं घर, शेती, दोन बैलजोड्या. लग्नाच्या पंगतीत गोदा वाढत होती. तिचा चेहरा तापानं लाल झाला होता आणि अंगाला हळदीचा वास येत होता. लग्नघरात हळदीच्या वासाचं कुणाला काय वाटणार? लग्नाचा मांडव उतरला, आणि काही दिवसांतच पहाटे मागच्या गल्लीतून गोदाला रेंगीत, छोट्या बैलगाडीत, बसवून माहेरी वलगावला पाठवलं. पोळ्याच्या आधी बातमी आली, गोदा गेली.

काय झालं होतं, ते आम्हाला यमुनाबाई त्या घरात आल्यावर कळलं.

बहीण गेल्यावर तिच्या नवऱ्याला धाकटीचं स्थळ जाणं ही तेव्हा रीतच होती. पार्बताबाईनं निरोप धाडला, लेकरू पोरकं आहे, यमुनाला द्या. वलगावच्या घरात आकांत झाला. पुढे एकदा यमुनाबाईनंच मला सांगितलं, "बाबा म्हनत होते, जिथं एक मेली तिथं दुसरी देनार नाही. माय त निरोप आननाऱ्याच्या अंगावर धावली. मी घरातून म्हनलं, हो म्हना. सारे पाहातच राह्यले. त्याहीले वाटलं, भाचीच्या मायेनं चालली."

"मायेनं नव्हतीस आली?"

"शोभाची माया होती. पन मी मायेनं नाही आली."

ती आली तो दिवस मला आठवतो. पार्बताबाई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. बायका जमल्या होत्या. पार्बताबाई सगळ्यांकडे बघत डोळे पुसत म्हणाली, "माही गोदाच परत आली म्हना बाई."

नव्या नवरीनं उंबऱ्यात एक पाय टाकला होता. ती तिथंच थांबली.

"गोदा मेली, आत्याबाई. मी यमुना. मी जाब इचाराले आली."

कुणीतरी हसलं. पोर खुळी आहे, असं वाटलं असावं. पण पार्बताबाईच्या ताटात दिव्याचं तेल कुंकवात सांडलं. ते मी पाहिलं.

आम्हाला वाटलं, आता रोज भांडणं ऐकू येणार. भांडण कधीच ऐकू आलं नाही. यमुनाबाईनं सासूची जी सेवा केली, तशी त्या पेठेत कुणी केली नसेल. सकाळी गरम पाणी, भाकरी तव्यावरून थेट ताटात, पाय दाबणं, पाठ चोळणं. तोंडातून कधी एकेरी शब्द नाही. "आत्याबाई, तुमी", "आत्याबाई, बसा". आणि ताट वाढून झालं, की समोर बसून एक प्रश्न. मीठ हवं का विचारावं तशा आवाजात.

"अक्कानं तुमाले पह्यल्यांदा सांगतलं, तवा तुमी काय म्हनलं?"

पार्बताबाई ताट सारून उठायची. यमुनाबाई ते झाकून ठेवायची, तासाभरानं भाकरी पुन्हा गरम करून आणायची आणि वाढताना पुन्हा तोच प्रश्न विचारायची. आधी म्हातारी शिव्या द्यायची. मग रडायची. मग एक दिवस तिनं उत्तर देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न. असा वर्षभरात तिनं सासूच्या तोंडून सगळा प्रकार काढला.

गोदाला गाठ लागली होती ती शोभाला पाजतानाच. तिनं त्याच आठवड्यात सासूला सांगितलं. सासू म्हणाली, दुधाची गाठ आहे, बसेल. बसली नाही, तेव्हा हळदीचा लेप आणि वरून एरंडाचं पान बांधलं. गोदा म्हणाली, डॉक्टरीणबाईला दाखवू. सासू म्हणाली, सुशीलाचं जमू दे. घरात असला रोग आहे हे पातूरला कळलं, तर ते पोरगी करतील का? मग जमलं, तर म्हणाली, लग्न होऊ दे. लग्न झालं तोवर गाठ फुटली होती. वलगावहून अमरावतीच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं, तेव्हा तिनं जखम पाहिली, हात धुतले आणि यमुनाला बाहेर घेऊन इतकंच म्हणाली, "पोरी, ही गाठ सुपारीएवढी होती तेव्हा आणायची होती."

गोदा यमुनाच्या मांडीवर गेली.

नवऱ्याला यमुनाबाईनं एकदाच विचारलं. नामदेव साधा माणूस, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा.

"तुमाले माहीत होतं?"

"मायनं सांगतलं, दुधाची गाठ हाये."

"तुमी पाह्यली होती?"

नामदेवनं टोपी घातली आणि तो गाळ्यावर निघून गेला. यमुनाबाईनं त्याचा संसार केला, त्याला एक मुलगाही झाला, पण त्या दिवसानंतर तिनं त्याच्या तोंडाकडे बघून बोललेलं मी पाहिलं नाही. बोलायची ती भिंतीकडे बघून.

पहिल्या संक्रांतीला पार्बताबाईच्या घरी हळदीकुंकू होतं. अंगण भरलेलं. वाण वाटून झालं, तिळगूळ झाला, आणि यमुनाबाई मधोमध उभी राहिली.

"बायांनो, ऐका. माह्या बहिनीच्या छातीले गाठ होती. याच घरात ती लपवली. म्हनून मेली. तुमच्यातल्या कोनाले असन, त लपवू नोका. माह्याकडे या. मी घेऊन जाते दवाखान्यात."

मग पार्बताबाई उठली आणि तिनं सगळ्यांदेखत सुनेच्या थोबाडीत मारली. यमुनाबाईनं गाल चोळलासुद्धा नाही. खाली सांडलेले तिळाचे लाडू वेचले, ताटात ठेवले आणि म्हणाली, "आत्याबाई, पानी आनू का?"

बायका तेव्हा पळाल्या. पण पुढच्या महिन्यापासून एक एक जण मागच्या दारानं यायला लागली. कुणी सून, कुणी सासू, कुणाची लग्नाची पोर. यमुनाबाई त्यांना बाजेवर बसवायची आणि हातानं कसं पाहायचं ते शिकवायची. पाळी उलटून गेली की आंघोळीच्या वेळी, बोटं चपटी ठेवून, गोल गोल, काखेपर्यंत. दर महिन्याला. "दुखत नाही म्हनून सोडून देऊ नोका. न दुखनारीच बदमाश राहते. चामडं आत ओढलं गेलं, बोंडातून रगत आलं, तरी निंघा. अन् काहीच नाही निंघालं त माह्यावर हसा. हसलेलं मले चालते." मग सरकारी जनाना दवाखान्यात घेऊन जायची आणि डॉक्टरीणबाईच्या समोर स्वतः उभी राहायची. बहुतेकींचं साधंच निघायचं. काही जणींचं साधं नव्हतं, आणि त्यातल्या ज्या वेळेवर गेल्या, त्यांतल्या कितीतरी पुढं नातवंडं खेळवताना मी पाहिल्या.

माझी वेळही आली. मला उजवीकडे वाटाण्यासारखं लागलं. यजमानांना सांगितलं तर ते संकोचले. म्हणाले, पुढल्या महिन्यात अमरावतीला जाशील तेव्हा आईला विचार. यमुनाबाई आडीवरून ऐकत होती. सरळ आमच्या ओसरीवर आली.

"भाऊजी, बायको मेली त तुमी दुसरी करसान का?"

यजमान उठून उभे राहिले. "काहीतरीच काय बोलता वहिनी!"

"नाही, इचारते. करसान त आत्ताच सांगा. तिलेबी मी शिकवून ठेवीन."

यजमानांनी चपला घातल्या आणि टांगा आणला. माझी गाठ साधी निघाली. परत येताना टांग्यात मी रडत होते, आणि यमुनाबाई रस्त्यावरच्या पाट्या वाचत होती. माझं चांगलं झालं याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मला दिसेना. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "झाला न आनंद. पन पह्यले राग येते. इतकंच करायचं होतं वो. टांग्यात बसवायचं, आनायचं. इतकंच."

अशी पाच-सहा वर्षं गेली. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, मग महाराष्ट्र झाला. शोभा शाळेत जाऊ लागली. यमुनाबाईनं तिला आईचं सगळं सांगून ठेवलं होतं. मी एकदा म्हटलं, एवढ्याशा पोरीला कशाला? ती म्हणाली, "माय कोनाची होती? मंग पह्यले तिलेच कळू दे." शोभा तरी आजीच्याच कुशीत झोपायची. यमुनाबाईनं तिला कधी अडवलं नाही.

आणि एके दिवशी पार्बताबाईनं सुनेकडून पाठ चोळून घ्यायचं बंद केलं.

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. दुपारची वेळ. आडीपलीकडे न्हाणीच्या दाराशी दोघी उभ्या होत्या. पार्बताबाईनं लुगडं छातीशी घट्ट धरलं होतं. न्हाणीच्या कट्ट्यावर वाटीत हळद कालवलेली होती आणि शेजारी एरंडाचं पान.

यमुनाबाई त्या पानाकडे बघत होती.

"कधीपासून हाये?" तिनं विचारलं.

"काही नाही. उष्णता झाली."

"आत्याबाई, कधीपासून हाये?"

म्हातारी न्हाणीच्या पायरीवर बसली. "दिवाळीपासून." मग एकदम वर बघून ओरडली, "पाहून राह्यली काय? तू याच दिवसाची वाट पाहून राह्यली होती! मी मरन आन तू पाहाशीन!"

"वाट त पाहात होती," यमुनाबाई म्हणाली. "खोटं काहून बोलू? तुमच्या पाठीले साबन लावताना रोज पाहात होती. देवाले म्हनत होती, हिले बी दे. दिली त्यानं." ती वाकली, ते पान उचललं, चुरगाळलं आणि मोरीत टाकलं. "पन आत्याबाई, मरनं सोपं हाये. अक्का मेली, सुटली. तुमाले मी सुटू देनार नाही. तुमी जगसान. लय जगसान. आन रोज सकाळी उठून तुमाले आठवन, का आपल्याले नेलं, आन तिले नाही नेलं. उठा. लुगडं बदला."

ती बाहेर गेली आणि टांगा बोलावून आणला. नामदेव गाळ्यावरून धावत आला. म्हणाला, "मागच्या गल्लीतून काढ, समोर लोक पाहून राह्यले."

"अक्काले मागूनच काढलं होतं," यमुनाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "या समोरून जातीन."

आणि टांगा समोरून निघाला. प्रत्येक दाराशी तिनं तो हळू करायला लावला. "आत्याबाईच्या छातीले गाठ हाये. दाखवाले चाललो." पुढच्या दाराशी पुन्हा तेच. पार्बताबाई पदरात तोंड घालून बसली होती. ज्या बाईसमोर पुरुष विडी विझवायचे, तिची अशी वरात निघाली. मला वाईट वाटलं का? वाटलं. आणि तो टांगा वळेपर्यंत मी दारातून हललेही नाही. गोदा माझीही शेजारीण होती.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं नागपूरला पाठवलं. तिथं एक बाजू काढून टाकावी लागली. यमुनाबाई महिनाभर तिथं दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिली. परत आल्यावर तिनं मला तिथली एक गोष्ट सांगितली. पट्टी बदलायला सुमन म्हणून एक सिस्टर यायची. पार्बताबाईनं पहिल्या दिवशी तिला विचारलं, "कोनाची व तू?" सुमन सिस्टर पट्टी कापत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "आम्ही बौद्ध." पार्बताबाईनं अंग चोरलं.

यमुनाबाई खाटेच्या पायाशी उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, अक्काच्या जखमेवर आपल्याच जातीच्या हातानं एरंडाचं पान बांधलं होतं. आता या हातानं बांधून घ्या आन जगा."

सिस्टरनं पट्टी बांधली. शेवटी शेवटी पार्बताबाई दुसऱ्या कुणाच्या हातानं बांधून घेईना.

म्हातारी वाचली. डावा हात थोडा सुजलेला राहिला, झंपराची एक बाजू सपाट झाली, पण वाचली. आणि पुढच्या संक्रांतीला यमुनाबाईनं अंगणात पुन्हा बायका जमवल्या. सासूला मधे पाटावर बसवलं.

"बोला, आत्याबाई."

पार्बताबाई बोलेना. बायका अवघडून एकमेकींकडे बघू लागल्या. मी उठून म्हटलं, "असू दे यमुना, आजारातनं उठल्यात." यमुनाबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती सासूसमोर उभी राहिली, हात बांधून. वाट बघण्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं.

शेवटी म्हातारीच्या तोंडून शब्द आले. "मले गाठ होती. सुनेनं नेलं, म्हनून मी जिती हाये." आणि मग पाटाकडे बघत, "माह्या पह्यल्या सुनेले बी होती. मी लपवली. ती मेली."

हे यमुनाबाईनं सासूला दरवर्षी बोलायला लावलं. बारशाला, डोहाळजेवणाला, मळ्यातल्या कामकरणींपुढे. आणि मग पातूरला. त्या दिवशी मी बरोबर नव्हते, पण पार्बताबाईनंच मला सांगितलं, माझ्या ओसरीवर बसून. सुशीलाच्या घरी, सुशीलाच्या सासूपुढं यमुनाबाईनं तिला बोलायला लावलं होतं. का लपवली, तेही. सुशीलाला काहीच माहीत नव्हतं. लग्नात ती सतरा वर्षांची होती. वहिनीनं तापात तिची वेणी घातली होती. ते ऐकून ती आईला म्हणाली, "माह्यासाठी? मले इचारलं होतं तुनं?" आणि वर्षभर तिनं आईला घराची पायरी चढू दिली नाही.

हे ऐकलं त्याच दिवशी मी यमुनाबाईला आडीवरून हाक मारली. रागातच होते. "आता तरी पोट भरलं का तुझं? मायलेकींना तोडलंस."

ती भाजी निवडत होती. "नाही भरलं," ती म्हणाली. "अक्का परत आली असती, त भरलं असतं."

पण या सुडाला एक फाटा फुटला, आणि तो यमुनाबाईच्या ध्यानात यायला उशीर झाला. पार्बताबाईला बोलायची गोडी लागली. पहिल्यांदा जिच्या घशातून शब्द निघत नव्हते, ती आता पाटावर बसायच्या आधीच सुरू व्हायची. पदर बाजूला करून सपाट बाजू दाखवायची. "पाहा वो, इकडलं झंपर रिकामं हाये, पन तोंड भरलेलं हाये!" बायका हसायच्या, आणि हसताना त्यांची भीती उतरायची. लांबून बायका तिला भेटायला यायला लागल्या. तिच्या पाया पडायच्या. म्हणायच्या, पार्बताबाईमुळे माझी लेक वाचली.

यमुनाबाई आतल्या आत जळत होती. "मी तिले शिक्षा केली," ती मला म्हणाली, "आन तिनं त्याचा मान करून घेतला. काल म्हनते कशी, यमुने, उद्या कोनत्या घरी जायचं? जशी काही कीर्तनाले चालली."

"मग बंद कर."

"कसं करू?" तिचा आवाज पहिल्यांदा मला चिरकलेला वाटला. "परवा जे पोरगी आली, ते तिचंच ऐकून आली. माह्यानं येत नव्हती. मले भेत होती. बंद करू त थे पोरगी मरन. चालू ठेवू त बुढीची मजा होते. मी काय करू, सांगा तुमी."

तिनं चालू ठेवलं.

पुढे यजमानांची बदली अमरावतीला झाली आणि अकोला सुटलं. काही वर्षांनी यमुनाबाईचा निरोप आला, वलगावला भावाच्या मुलीचं बारसं आहे, या. मी गेले.

वलगावच्या त्या अंगणात बायका दाटीनं बसल्या होत्या. मधे पाटावर पार्बताबाई. केस पांढरे, पण आवाज खणखणीत. शेजारी शोभा, आता वयात आलेली, आजीच्या खांद्याला टेकलेली. म्हातारी रंगात आली होती. नागपूरच्या दवाखान्याच्या, सुमन सिस्टरच्या गोष्टी सांगत होती, नक्कल करत होती. "दाखवा वो बायांनो, लाजू नोका. मी जिती हाये का नाही?" बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. म्हातारीनं हात जोडले, संपलं म्हणून.

यमुनाबाई दाराशी घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिथूनच म्हणाली, "आत्याबाई, अर्धं राह्यलं."

हसणं थांबलं. पार्बताबाईनं मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा एकाएकी फार म्हातारा झाला. "इथं नोको ना व माय," ती म्हणाली. "इथं तिची माय बसली हाये."

गोदाची आई भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांनी अधू झालेली, गुडघ्यांवर हात ठेवलेली.

"म्हनूनच," यमुनाबाई म्हणाली.

पार्बताबाईनं पाट सोडला. सरकत सरकत ती विहिणीच्या समोर जाऊन बसली आणि बोलली. सगळं. दुधाची गाठ म्हणाले, पान बांधलं, लग्न होऊ दे म्हणाले. या वेळी तिच्या आवाजात नक्कल नव्हती. शोभा मान खाली घालून ऐकत होती.

गोदाची आई ऐकून म्हणाली, "पह्यल्याच आठवड्यात सांगतलं होतं तिनं तुमाले?"

"हो."

"मले नाही सांगतलं तिनं."

"मी शपथ घातली होती."

म्हातारी आई भिंत धरून उठली आणि आत गेली. बाहेर पुन्हा आली नाही. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही.

संध्याकाळी मी परत निघाले. अमरावतीची बस आधी आली, मी चढले, खिडकीशी बसले. अकोल्याकडे जाण्यासाठी त्याही तिथंच उभ्या होत्या. पार्बताबाई दगडावर बसलेली, आणि यमुनाबाई तिच्यावर छत्री धरून, पण हातभर अंतर ठेवून. शोभा पिशव्या सांभाळत होती. तेवढ्यात टोपली घेतलेली एक तरणी बाई तिथं टेकली. म्हातारीच्या सपाट बाजूकडे तिची नजर गेली आणि तिनं काहीतरी विचारलं असावं. पार्बताबाईनं सुनेकडे पाहिलं. यमुनाबाई रस्त्याकडे बघत होती.

बस सुरू झाली होती, तरी म्हातारीचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"माही एक सून होती," ती सांगत होती. "गोदा नाव होतं तिचं."